कुंपणाबाहेर थांबलेलं मशीन

आमच्या इमारतीतले आत्माराम पाटकर लालबाग सोडून इथे भाईंदरला, खारी गावाजवळ राहायला आले, तेव्हा सगळ्यांना वाटायचं की यांच्या खाणी होत्या. ते हसायचे. "खाणी दुसऱ्यांच्या. आम्ही फक्त शोधायचो. शोधायचा परवाना वेगळा, काढायचा वेगळा."

एका खासगी कंपनीच्या शोधपथकाचे ते प्रमुख होते. ड्रिल मशीन चालवायचा उत्तनजवळच्या डोंगरीचा फ्रेडी. कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळपठारांवर, बॉक्साइट शोधत दोघांनी बारा मोसम एका तंबूत काढले. फ्रेडी सुकट भाजायचा तेव्हा शाकाहारी स्वयंपाकी रागावून सड्याच्या टोकाला जाऊन बसायचा, हे सांगताना आत्मारामकाकांना आजही हसू आवरत नाही.

अठ्ठ्याऐंशी साली ड्रिलची एक जागा दुर्गाबाई नावाच्या विधवेच्या परसात आली. कंपनीचे साहेब म्हणाले, "परवान्याच्या हद्दीत आहे ना? घाला मशीन."

"हद्दीत आहे, पण कुंपणाच्या आत आहे," आत्माराम म्हणाले. "तिची संमती हवी. नाहीतर सात दिवस आधी लेखी नोटीस."

साहेब चिडले. आत्मारामांनी मशीन कुंपणाबाहेर उभं केलं आणि बाईंना वाचता येत नव्हतं म्हणून नोटीस स्वतः वाचून दाखवली.

"नको म्हटलं तर?" बाईंनी विचारलं.

त्यांना खोटं सांगवेना. "तर सात दिवसांनी आम्ही येऊ शकतो. जमिनीखालचं खनिज सरकारचं. पण आमच्यामुळे जे मोडेल त्याची भरपाई आम्ही करायची. झाड तोडायचं नाही, भोक उघडं टाकायचं नाही."

बाईंनी परसातल्या वेलाकडे बोट दाखवलं. "मग वालाच्या शेंगा उतरेपर्यंत तरी थांबा."

ते एकोणीस दिवस थांबले. खाली कामाचं काही निघालं नाही. कंपनीने पथक दुसरीकडे हलवलं, भोकं पुढच्या मोसमात बुजवू असं सांगितलं. आत्माराम आणि फ्रेडी रजा टाकून मागे राहिले. तीन दिवसांत सड्यावरची एकवीस भोकं दोघांनी हातांनी बुजवली. दुपारी दुर्गाबाई पेज आणून द्यायच्या.

मुंबईला परतल्यावर चिडलेल्या साहेबांनी आत्मारामांना ऑफिसात टेबल दिलं. सडा पुन्हा मिळाला नाही.

"वाईट वाटलं?" मी एकदा विचारलं.

"नोकरीचं नाही. सकाळी तंबूची कनात उचलली की समोर धुकं असायचं. ते गेलं."

फ्रेडीला जाऊन चार वर्षं झाली. गेल्या जानेवारीत त्याच्या बायकोचा, टेरेझाचा फोन आला. "भाऊ, वाडीत मशीन घेऊन मानसं आली हायत. सरकारी कागद हाय म्हनतात."

काका रिक्षा करून डोंगरीला गेले. मीही सोबत होतो. बांधकामाचा दगड तपासायला आलेल्या त्या पथकाची प्रमुख इशिता नावाची तरुण मुलगी होती. काकांनी कागद दोनदा वाचला.

"टेरेझा, कागद खरा आहे," ते म्हणाले. टेरेझाचा चेहरा पडला. मग ते इशिताकडे वळले. "पण यांना नोटीस कुठे दिलीत? तुमच्याच परवान्यात आठवी अट आहे."

मुलीने अट वाचली. "सॉरी काका. कॉन्ट्रॅक्टरने दिली असेल असं मी धरून चालले." तिने मशीन बाहेर काढायला लावलं, तिथेच नोटीस लिहून सही केली.

सात दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो. टेरेझाने वाडीतल्या चिंचेच्या झाडापासून लांबचा कोपरा दाखवला, तिथेच ड्रिल बसलं. दगड तडकलेला, बांधकामाला निरुपयोगी निघाला. आता इथे पुन्हा येणार नाही, असं सांगून इशिताने भोक तिथल्या तिथे बुजवून घेतलं. जाण्याआधी तिने ड्रिलमधून निघालेल्या दगडाचा एक लांब तुकडा काकांच्या हातात दिला. त्यांनी तो पाण्याने ओला केला, उन्हात धरला, कितीतरी वेळ.

"फ्रेडीला बघावंही लागलं नसतं," ते म्हणाले. "मशीनच्या आवाजावरून दगड ओळखायचा."

"मशीनचा आवाज बरोबर ऐकू यायचा त्याला," टेरेझा म्हणाली, "माझी हाक न्हाय यायची."

दोघंही हसली. मग पदराने डोळे पुसत ती सगळ्यांसाठी चहा टाकायला आत गेली.