नऊ खाचा

बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात बावीस वर्षं पितळ घासणाऱ्या बाईला सगळे पितळी मावशी म्हणत. बंदुकीचा पितळी भाग सुटा करायचा, फटीतला हिरवा कळंक काडीने कोरायचा आणि मऊ फडक्याने घासत राहायचं, हे तिचं काम. त्याची तिला मनापासून किळस होती. जुनं तेल, कुणाकुणाच्या तळहातांचा घाम, यांचा मिळून एक आंबूस वास यायचा आणि तो साबणाला दाद देत नसे. सून म्हणायची, "आई, तुम्ही भाजीला हात लावू नका, मी करते." मावशीला त्यात गैर वाटत नसे.

एका सकाळी अत्तर फासलेले एक साहेब आजोबांची बंदूक घेऊन आले. दिवाणखान्यात टांगायची होती. मावशीने दस्त्याच्या बुडाची पितळी पट्टी सुटी केली. कडेला नऊ खाचा होत्या, मळाने बुजलेल्या. काडीने कोरून, अंगठ्याच्या नखाने पुसून तिने चार लख्ख केल्या. मग तिने सहज विचारलं, "साहेब, या खाचा घासून सपाट करू?"

"छे छे, त्या तर राहिल्याच पाहिजेत. आजोबांनी स्वतः पाडल्यात."

"मारलेल्या वाघांच्या का?"

साहेब हसले. "वाघ कुठले? गिरणीत संप झाला होता. फाटकावर चढले होते लोक. एक बाईही होती म्हणतात त्यात."

हे ते असं बोलले, जणू आजोबांनी बागेत नऊ झाडं लावली होती. नखात अडकलेला काळा मळ मावशीने पाहिला आणि हात अंगापासून लांब धरून ती मोरीकडे गेली. तिथे तिला कोरड्या ओकाऱ्या आल्या.

मालक मागोमाग आला. "मावशी, गिऱ्हाईक बसलंय."

"तुम्ही घासा."

"अहो, जुनी गोष्ट. आपल्याला काय त्याचं?"

"मग घासा की तुम्ही."

मालकाने खरंच घासल्या. उरलेल्या पाच खाचा, शिट्टी वाजवत. मावशीला साहेबापेक्षा त्या शिट्टीचाच जास्त तिटकारा आला. आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण बावीस वर्षांत तिने एकदाही कुणाला काही विचारलं नव्हतं. तिने फडकं दोरीवर टाकलं, चपला घातल्या आणि ती घरी गेली. मालकाने दोनदा निरोप पाठवला. ती गेली नाही.

आता ती वाजंत्र्यांची वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडे कर्णे घासते. आत परक्या लोकांची वाळलेली थुंकी असते. पहिल्या दिवशी नाकाला पदर लावून ती म्हणाली, "शी, काय घाण आहे ही." आणि दुसरा कर्णा पुढे ओढला.