चालू लाइनला हात लावायचा नाही

माणसाला होणारा प्रत्येक आजार हा मुळात पाण्याच्या दाबाचा प्रश्न असतो, असं छातीठोकपणे सांगणारा एकच इसम माझ्या पाहण्यात आला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. मी त्यांना साडूभाऊ म्हणतो. पालिकेच्या पाणीखात्यात त्यांनी छत्तीस वर्षं चावीवाला म्हणून काढली. म्हणजे रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, छातीइतकी उंच चावी आत घालायची आणि आट्यांमागून आटे फिरवत एकेका गल्लीचं पाणी सोडायचं किंवा बंद करायचं. निवृत्तीच्या दिवशी चावी खात्यात जमा झाली, पण बाकीचं सगळं खातं ते घरी घेऊन आले. माझ्या मुलीला सर्दी झाली की तिचा ‘वॉशर गेला’. सासूबाईंचं ब्लडप्रेशर वाढलं की ‘टाकी वाहतेय, पुढे कुठेतरी बोळा बसलाय.’ लग्नकार्यात पानावर बसण्याआधी ते हॉलची टाकी बघून येत. आमच्या मुलुंडच्या घराच्या वास्तुशांतीला भटजी होमाशी बसलेले, आणि हे बाथरूमच्या भिंतीला कान लावून उभे. “आत थेंब पडतोय,” असं त्यांनी भरल्या घरात जाहीर केलं. आम्ही हसलो. दोन महिन्यांनी खालच्या मजल्यावरच्या बाई आमचं छत गळतंय म्हणून भांडायला आल्या. त्यांचं असं दर वेळी बरोबर निघायचं, आणि पुढे जे झालं त्याला ही सवयही थोडी कारण झाली.

त्यांचा एक नियम होता. चालू लाइनला हात लावायचा नाही. जुन्या चाव्या, म्हणजे जमिनीखालचे व्हॉल्व्ह, वर्षानुवर्षं एका जागी गंजून बसलेल्या असतात. पाणी येतंय तोवर त्यांना छेडायचं नाही, छेडलं की त्या तुटतात. एका नव्या साहेबाने त्यांचं न ऐकता तशी एक चावी फिरवायला लावली आणि तीन दिवस अख्खी गल्ली बादल्या घेऊन फिरत होती, ही गोष्ट मी किमान पन्नास वेळा ऐकली असेन. मग हा नियम त्यांनी साऱ्या संसाराला लावला. त्यांच्या कांजूरमार्गच्या घरातला पंखा कण्हत फिरायचा, मिक्सर एका बाजूला धरून चालवावा लागायचा, आणि ताईने, म्हणजे माझ्या मेहुणीने, दुरुस्तीचा विषय काढला की उत्तर ठरलेलं. “चालतोय ना? मग हात लावू नको.” ताई बिचारी मिक्सर धरून चटणी वाटायची.

मागच्या वर्षी मे महिन्यात त्यांच्या स्वतःच्याच लाइनीत खडा अडकला. ताईचा फोन आला म्हणून मी रिक्षा करून पोहोचलो, तेव्हा साडूभाऊ कॉट आणि कपाट यांच्या मधल्या फटीत गुडघे पोटाशी घेऊन पडले होते. अंगातला बनियन घामाने चिकटलेला, आणि समोर ताई ओकारीसाठी घमेलं धरून बसलेली. एरवी ते आपली साधी मुंबईची मराठी बोलतात. मालवणी बाहेर आली की समजायचं, काम बिघडलंय. “माका काय्येक होवचा नाय,” असं म्हणून ते पुन्हा ओकले. आम्ही त्यांना घाटकोपरला दवाखान्यात नेलं. डाव्या किडनीतून खाली येणाऱ्या नळीत खडा बसला होता. दुसऱ्या दिवशी लेझरने तो फोडला, आणि आत एक स्टेंट ठेवला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि समजावून सांगणाऱ्या होत्या. किडनीपासून मूत्राशयापर्यंत एक बारीक, मऊ नळी ठेवली आहे, सूज उतरेपर्यंत रस्ता उघडा राहावा म्हणून. तीन आठवड्यांनी ती काढून टाकायची, त्याला फार वेळ लागत नाही. साडूभाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “गेज काय?” बाईंनी गेज सांगितला. मटेरियल सांगितलं. दोन्ही टोकं वळवलेली का, तेही कागदावर काढून दाखवलं. “बाई कामाची आहे,” असं त्यांनी बाहेर आल्यावर मला सांगितलं. त्यांच्या तोंडून कुठल्याही साहेबाला हे सर्टिफिकेट मिळालेलं मी ऐकलं नव्हतं.

आत नळी असणं म्हणजे काय, हे मात्र कागदावर कळलं नव्हतं. दर अर्ध्या तासाला उठायचं. गेलं की आग, लघवी लाल, आणि शेवटी शेवटी अशी कळ की ती खालून निघून थेट पाठीत जायची. वाकलं की टोचायचं, बसलं की टोचायचं. चपलेचा पट्टा लावायला ताई खाली बसायची आणि हे दुसरीकडे बघायचे. ओरडणं त्यांना मंजूर नव्हतं. म्हणून बाथरूमचं दार लावून ते आपल्या जुन्या चाव्या म्हणायला लागले, ज्या क्रमाने छत्तीस वर्षं सोडल्या त्याच क्रमाने, मोठ्या आवाजात. “स्टेशनरोडची मोठी, बावीस आटे! शाळेमागची, नऊ! मशिदीजवळची, अकरा! गिरणीच्या कोपऱ्यावरची, सात, आणि अर्धा मागे!” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना. मग लक्षात आलं की स्वयंपाकघरात ताई हातातलं काम थांबवून मोजते आहे. कळ थोडी असली तर ते शाळेमागेच थांबायचे. कळ मोठी असली की यादी लांबायची. एकदा मी आत शिरलो तर ताई ओट्याशी पदराने डोळे पुसत उभी. “आज खाडीपर्यंत गेले रे,” ती म्हणाली. खाडीच्या पुढे त्यांच्या हद्दीत एकही चावी नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात मात्र गोळ्यांनी म्हणा, सवयीने म्हणा, दुखणं उतरलं. लघवीचा रंग निवळला. स्टेंट काढायच्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्यांना न्यायला गेलो, तर साडूभाऊ लुंगीवर पेपर वाचत बसलेले.

“चला साडूभाऊ, कपडे करा.”

“कशाला?”

“नळी काढायची ना आज.”

“पाणी येतंय व्यवस्थित. दाब चांगला आहे. दुखत नाही. आता पुन्हा आत दुर्बीण घालून ढवळायचं? चालू लाइनला—”

“डॉक्टरांनी तारीख दिलीय हो.”

“तारीख साहेब लोक देतात. लाइन मी ओळखतो. गप बस जरा.”

मी अर्धा तास वाद घातला असेन. खरं सांगायचं तर वीस मिनिटं. बाथरूमच्या दाराआडचा तो आवाज माझ्याही कानात होता, आणि आपण यांना पुन्हा तिथे नेऊन आडवं करायचं, या विचाराने मीच कच खात होतो. शिवाय त्यांचं दर वेळी बरोबर निघतं हे डोक्यात होतंच. ताईने गरम घावणे वाढले. मी चार खाल्ले. निघताना तिने दारात हळूच विचारलं, “जातील ना रे नंतर?” मी म्हटलं, “जातील. मी नेईन.” आणि रजेचा उरलेला दिवस मी घरी झोपून काढला.

त्यानंतर दवाखान्यातून त्यांना तीन-चार वेळा फोन आले. प्रत्येक वेळी साडूभाऊंनी “काम चालू आहे, तक्रार नाही” असं सांगून ठेवून दिला. मलाही आठवण यायची. त्यांच्याकडे गेलो की विषय जिभेवर यायचा, पण ते हसतखेळत असायचे, म्हणून मी तो गिळायचो. गणपती झाले, दिवाळी झाली. जानेवारीत त्यांना थंडी वाजून ताप भरला, तीन रजया घालूनही दात वाजायचे थांबेनात.

एक्स-रे भिंतीवरच्या दिव्यासमोर लावला तेव्हा मी त्यांच्या शेजारी उभा होतो. मऊ आणि बारीक म्हणून सांगितलेली ती नळी दोन्ही टोकांना खडूसारखी पांढरी आणि बोटभर जाड दिसत होती. डॉक्टरीणबाई काही बोलायच्या आधीच साडूभाऊ म्हणाले, “खपली धरली.”

“किती महिने झाले, काका?” बाईंनी विचारलं.

“आठ.” ते एक्स-रेच्या अगदी जवळ गेले. “जुन्या लाइनी अशाच व्हायच्या आमच्याकडे. कापून काढायचो. माका कळूक होया होता.”

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. नळी एका बैठकीत निघणार नाही, आधी खपली फोडावी लागेल, असं त्यांनी सांगितलं. आणि डावी किडनी बरीचशी गेली आहे, हेही सांगितलं.

दोन ऑपरेशनं झाली. जुनी नळी तुकड्यातुकड्याने निघाली आणि सूज उतरेपर्यंत आत एक नवी ठेवावी लागली. पुन्हा तेच उठणं, तीच आग, तीच पाठीत जाणारी कळ. पण या वेळी बाथरूमच्या दाराआडून एकाही गल्लीचं नाव आलं नाही. नळ सोडल्याचा आवाज यायचा, आणि बराच वेळ काही नाही. ताई स्वयंपाकघरात तशीच हात थांबवून उभी राहायची. एका रविवारी ते भिंत धरून बाहेर आले आणि माझ्यासमोर खुर्चीच्या कडेवर टेकले. मला राहवलं नाही. मी म्हटलं, “साडूभाऊ, त्या दिवशी मी तुम्हाला उचलून न्यायला हवं होतं.”

त्यांनी माझ्याकडे नखशिखान्त पाहिलं. “तू काय उचलणार मला? तुझं वजन किती!” मग आपल्या तळहातांकडे बघत बसले. मला त्यांचा राग आला होता, माझा त्याहून जास्त आला होता, आणि त्या माणसावर माझी किती माया आहे हे मला तिथे त्या खुर्चीसमोर कळलं.

दुसरी नळी काढायच्या दिवशी मी पूर्ण रजा टाकली. काय काय बोलायचं ते रस्ताभर मनात घोकत गेलो. दार उघडंच होतं. साडूभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून, चपला चढवून, मांडीवर फाइल घेऊन बसले होते. “सहापासून असेच बसलेत,” ताई म्हणाली. रिक्षात ते माझ्या बाजूला अंग चोरून बसले, खड्डा आला की पुढची दांडी घट्ट धरायचे. दवाखान्याच्या वळणावर आल्यावर ते म्हणाले, “चार दिवस झाले, दुखत नाही रे फारसं.”

मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“आत गेल्यावर मी कदाचित नको म्हणेन,” ते बाहेर बघतच म्हणाले. “तू ऐकू नकोस.”

“नाही ऐकणार,” मी म्हटलं.

रिक्षा थांबली. उतरताना त्यांनी आधारासाठी हात पुढे केला, आणि आतल्या खोलीच्या दारापर्यंत मी तो सोडला नाही.