ताटाखालचा ओला पंचा

शिवलिंग गेल्याची बातमी घेऊन त्याच्या गोदामातले कारकून माझ्या शाळेत आले आणि ती सांगून होते न होते तोच म्हणाले, "आईसाठी समुद्र सोडला हो त्यानं. असा मुलगा होणे नाही." तापाचं निमित्त होऊन ऐन उमेदीतला माणूस गेला होता आणि या गृहस्थांना त्यातही कौतुक सुचत होतं. तेव्हापासून सोलापुरात जो भेटतो तो मला हेच ऐकवतो. मान डोलावून कंटाळलो, म्हणून हे लिहितो आहे.

वळसंगच्या शेतकऱ्याचा हा मुलगा हायस्कुलात माझ्या शेजारी बसायचा. गणितात आम्हा सगळ्यांच्या पुढे. ज्याच्या गावचा ओढा दिवाळीनंतर दिसत नाही, तो मुंबईला जाऊन बोटीवर राहणार आणि तिथंच शिकून बोटीवरचा अधिकारी होणार, हे ऐकून मास्तरांसकट सगळे हसले. पठ्ठ्या परीक्षा देऊन निवडला गेला, तेव्हा हसणारेच हार घेऊन स्टेशनावर आले.

पुढं एका सुट्टीत मी त्याच्याबरोबर वळसंगला गेलो होतो. जेवायला बसताना त्यानं पंचा भिजवून पिळला आणि ताटाखाली अंथरला. अव्वा, म्हणजे त्याची आई, बघतच राहिली. "बोट कलली की ताट घसरतंय, अव्वा. ओल्या कापडावर न्हाय घसरत," तो म्हणाला आणि रंगात येऊन सांगत सुटला. कोलंबोच्या वाटेवर समुद्र खवळला होता. निम्मी पोरं आडवी झालेली, पण वर्ग चालूच. वही दोरीनं टेबलाला बांधलेली, एका हातानं बाक धरलेला, दोन पायांमध्ये बादली. माझ्याकडं वळून म्हणाला, "वकायचं, तोंड पुसायचं, फुडचं गणित! ताऱ्यावरनं बोटीची जागा काढायची हुती. आन् उत्तर बरोबर आलं की, दत्त्या! एवढ्या पाण्यात आमी कुटं हाय ते मला कळत हुतं!" इतका आनंदी माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. मी गणित ऐकलं. अव्वानं फक्त कललेली बोट ऐकली.

त्याच संध्याकाळी तिनं पुढ्यातली चटणी बाजूला सारली. "तू कायमचा जमिनीवर येस्तवर मी मीठ खायची न्हाय." आमच्याकडच्या बायका पोराबाळांसाठी असं काहीबाही सोडतात, त्यामुळं कुणाला नवल वाटलं नाही. तो परत बोटीवर गेला आणि इकडं अव्वा अळणी भाकरी खात राहिली. गावातल्या बायका येऊन तिच्या पाया पडू लागल्या. सुगीत ती रानात चक्कर येऊन पडली, तेव्हा त्याचा मामा तडक मुंबईला गेला. शेवटची परीक्षा तोंडावर आली होती. मामा एवढंच म्हणाला, "आई मेल्यावर सायेब हून कुनाला दावतोस?"

तो आला. चार लोक बोलावून अव्वानं सगळ्यांदेखत चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं. बायका डोळे पुसत होत्या, मामा छाती काढून फिरत होता, आणि शिवलिंग दाराशी उभा राहून आलेल्यांच्या चपला नीट लावत होता... मामानं मिलच्या गोदामात कापडाचे गठ्ठे मोजायची नोकरी आधीच ठरवून ठेवली होती. मला स्टेशनावर पोचवायला निघाला, तेव्हा वाटेत शिवलिंग एकदाच बोलला. "अव्वानं मीठ सोडलं तवा आख्खा गाव धावला. मी काय सोडलं, ते कुनी इचारलं का रं?"

पुढं सोलापुरातल्या त्याच्या खोलीत, उन्हाळ्यात घागरीसाठी नळावर भांडणं व्हायची तेव्हाही, तो पंचा भिजवूनच जेवायला बसे. बायको वैतागायची. "हितं काय हलतंय म्हनून?" तो म्हणे, "कायच न्हाय," आणि खाली मान घालून जेवे. मला त्या पंच्याचा राग यायचा, आणि त्याचाही. आईविरुद्ध एक शब्द त्यानं कधी काढला नाही, म्हणून मी काढतो. तिचं प्रेम खरं होतं, पण त्या प्रेमानं माझा मित्र खाल्ला. समुद्राला ते जमलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात वळसंगला जाऊन आलो. अव्वा पार वाळली आहे. शिवलिंग गेल्यावर तिथंच राहायला आलेल्या सुनेनं सांगितलं, अव्वानं पुन्हा मीठ सोडलंय. आता कुणी परत यावं म्हणून, कोण जाणे. जेवायला बसलो, तर अव्वा स्वतः उठली, कोनाड्यातला त्याचा पंचा भिजवला, पिळला आणि माझ्या ताटाखाली अंथरला. वाकल्या वाकल्याच तिनं विचारलं, "लई हालत हुती का रं बोट?"

इतक्या वर्षांत बोटीबद्दल तिनं पहिल्यांदा काही विचारलं होतं. दया यायला हवी होती... आली नाही.

"लई," मी म्हणालो. "पण तिथं तो पडला नव्हता, अव्वा."

ताटात मीठ वाढायचं राहिलं होतं, ते आणायला ती आत गेली.