माश्यांची ओळख परेड

खून, दरोडे, ट्रॅक्टरच्या चोऱ्या सगळं पाहून निवृत्त झालो, पण कुणी 'एखादी केस सांगा की' म्हटलं की मला आधी माश्या आठवतात. हसू नका. त्या माश्यांपायी एका बाईचा चांगला चाललेला धंदा बसायची वेळ आली होती आणि माझ्या हद्दीत मारामारी तेवढी व्हायची राहिली होती. नावं कुणाचीच सांगत नाही, गाव देवळाली प्रवराच्या बाजूचं एवढंच समजा.

सकाळची हजेरी उरकून चहाचा कप तोंडाला लावला, तोच त्या गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला. पोरं पोल्ट्रीच्या जाळ्या फाडायला जमलीत, लवकर या. मी दोन हवालदार घेऊन जीप काढली.

पोल्ट्री एका बाईची होती. नवरा ट्रकवर, त्यामुळे अंड्यांच्या कोंबड्यांची शेड तीच सांभाळायची. तिच्याविरुद्ध तक्रार करणारा बांधाला बांध असलेला शेजारी. त्याच्याकडे दहा-बारा संकरित गाया. गाया दिवसभर पाय आपटतात, धार काढू देत नाहीत, दूध निम्म्यावर आलं, आणि हे सगळं पोल्ट्रीतल्या माश्यांमुळे, असं त्याचं म्हणणं. पोल्ट्री बंद करायचा ठराव पुढच्या ग्रामसभेत येणार होता. पोरांना तेवढाही दम नव्हता.

पोरांना मी पोलिसी भाषेत घरी पाठवलं. ती भाषा इथे लिहिण्यासारखी नाही. पोल्ट्रीवर एक होमगार्ड बसवला. पुढे कळलं की त्याने बंदोबस्तात उकडलेल्या अंड्यांवर चांगलाच ताव मारला.

मग चौकशी. आधी पोल्ट्रीत बसलो. बाईने चहा दिला. माश्या होत्या, नाही असं कोण म्हणेल? कपाच्या काठावर, मिशीवर, टोपीवर. एक चहात पडली. बाई ओशाळली, पण तिने एक गोष्ट ठामपणे सांगितली. "साहेब, माश्या हायेत, मी नाकारत न्हाई. पन माझ्या अंगावर दिवसभर बसत्यात, कधी चावल्या न्हाईत." आरोपी असं म्हणतोच, म्हणून मी ते कानाआड केलं.

तिथून शेजाऱ्याच्या गोठ्यात गेलो. तो बाजेवर बसवून दुधाचा हिशोब सांगत होता, आणि तेवढ्यात माझ्या घोट्यावर, मोज्यातून, अशी सुई टोचली की मी जागेवरून उठलोच! पाहतो तर माशी. दिसायला अगदी चहातल्या माशीसारखी. तो म्हणाला, "बगा, तुमालाबी चावली. पोल्ट्रीतलीच हाय." मी मान हलवली, तोच दुसऱ्या घोट्यावरही एक चावली, आणि डोक्यात किडा वळवळायला लागला. तिथे डझनभर माश्या अंगावर बसल्या, एकही चावली नाही. इथे पाच मिनिटांत दोन चावे. एकाच टोळीची माणसं दोन ठिकाणी अशी वेगळी वागत नाहीत.

तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टर होत्या, त्यांना बोलावलं. माश्यांसाठी पोलीस ठाण्यातून फोन आला म्हणून त्या आधी खळखळून हसल्या. मग भिंग घेऊन गोठ्यावर आल्या आणि मला शिकवलं. घरमाशीच्या पाठीवर चार काळ्या रेघा आणि तोंड मऊ, स्पंजासारखं. ती चाटते, चावायची तिची ऐपतच नाही. तिच्याहून बारीक एक चुलत बहीण असते, ती शेडच्या मधोमध हवेत उगाच घिरट्या घालते, आमच्या चौकातल्या रिकामटेकड्यांसारखी. आणि तिसरी चावरी माशी. अंगाने घरमाशीएवढी, रंगाने तशीच, पण पोटावर ठिपके आणि तोंडापुढे काळी ताठ सुई. ही जनावरांच्या पायांवर बसून रक्त पिते. कोंबड्यांच्या कोरड्या विष्ठेत ती सहसा वाढत नाही. तिला लागतो शेणामुतात भिजून कुजलेला चारा.

आम्ही दोघांनी एकदमच गोठ्यामागे पाहिलं. आमच्याकडे मुरघासाचा, म्हणजे दाबून मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याचा, खड्डा उघडला की वरचा बुरसटलेला थर जनावरांना घालत नाहीत, काढून मागे टाकतात. सगळेच टाकतात. याचा ढीग गोठ्याच्या मोरीच्या तोंडाशीच होता. डॉक्टरांनी खोऱ्याने थोडा उकरला. आत अळ्या आणि तपकिरी कोष नुसते बुजबुजलेले. मालक म्हणाला, शेतात किडे असायचेच. त्यातले कोष डॉक्टरांनी एका बरणीत घेतले, तोंडाला फडकं बांधलं आणि बरणी माझ्या टेबलावर ठेवली. काही दिवसांनी आतून माश्या निघाल्या. ठाण्यातले सगळे रोज डोकावून जायचे.

ग्रामसभेच्या दिवशी मी ओळख परेड घ्यायचं ठरवलं. खरी ओळख परेड दंडाधिकाऱ्यांसमोर होते, पोलिसाला तिथे उभंही राहता येत नाही. पण माश्यांसाठी दंडाधिकारी कुठून आणू? डॉक्टरांनी गाईच्या पायावरची एक माशी सगळ्यांसमोर पकडून पांढऱ्या कागदावर ठेवली. शेजारी दोन बरण्या, एक पोल्ट्रीतली, एक ढिगातली. कुठली कुठून आली ते गावाला सांगितलं नाही. भिंग तक्रारदाराच्या हातात दिलं.

गडी प्रामाणिक. जनावरांत आयुष्य गेलेला, नजर तयार. तीनतीनदा पाहून त्याने एका बरणीवर बोट ठेवलं. "ही. हिला सुई हाय. त्या दुसरीतली न्हाई, तिचं तोंड मऊ हाय."

"शंभर टक्के?" मी विचारलं.

"माज्या गायीचं रक्त पिती ती. मी वळखणार न्हाई व्हय?"

डॉक्टरांनी सांगितलं, ही बरणी त्याच्याच ढिगातली. त्याचा चेहरा उतरला आणि मला, खरं सांगतो, त्याची दया आली. मागून एक जण खुसखुसला, त्याला मी डोळे दाखवले.

तो उठून पोल्ट्रीवाल्या बाईपुढे गेला आणि खाली बघत पुटपुटला, "वहिनी, चुकलं माजं."

ती पदर सावरून उभी राहिली. "भाऊजी, माज्यावर वरडत हुता तवा पार वेशीपर्यंत ऐकू जात हुतं. चुकलं ते पन तेवढ्याच मोठ्यानं म्हना."

आणि त्याने म्हटलं. अख्ख्या सभेत, घसा ताणून. लोक हसले, तोही हसला आणि ठराव मागे पडला. दुसऱ्याच दिवशी त्याने तो ढीग लांब शेतात पसरून वाळत टाकला. बाईलाही मी सोडलं नाही, शेडखालची विष्ठा कोरडी ठेवायची तंबी दिली, कारण घरमाश्या तिच्याच होत्या.

पुढे नोकरीभर मी साक्षीदाराला दोन प्रश्न वेगवेगळे विचारत आलो. तुला काय झालं? आणि ते कुणी केलं हे तुला कुणी सांगितलं? पहिल्याचं उत्तर बहुतेक खरं असतं. त्या माणसाच्या गाया खरंच पाय आपटत होत्या, तो एक शब्दही खोटं बोलला नव्हता. आणि तरी एका निर्दोष बाईची शेड त्याच्या खऱ्या बोलण्यावरून मोडणार होती.