चार बोटं उंच पायरी

जवळ सरक गं, अशी. लिहिताना सुद्धा मला समोर माणूस लागतं, त्याशिवाय हात चालत नाही. म्हणून तुला समोर बसवलंय असं समज आणि आधी बोलणी खा. भाची असलीस म्हणून मावशीवर फोनवर असं ओरडतात व्हय? "आईला त्या डबड्यात घालून इंदापुरावरनं बारामतीला आणलंत!" म्हणे. डबडं म्हण, पण आधी पूर्ण ऐकून म्हण. तू ऐकलंस तुझ्या चुलतीकडनं, आणि ती सांगताना निम्मा वेळ हसत असते आणि निम्मा वेळ चावत असते. आणि दुसरं. व्हिडिओवर बघितलं तुला. गळ्याची हाडं दिसतात. पुण्यात जेवण मिळत नाही का? असो. त्याच्यावर मी मागून येते.

ती जीप तू लहानपणी बघितलीच आहेस. कुठल्याशा सरकारी कचेरीच्या लिलावातनं तुझ्या काकांनी उचलून आणली, तेव्हा तिला वर टप नव्हता आणि गिअरच्या दांड्याला मूठ नव्हती. कुऱ्हाडीच्या दांड्याचा तुकडा तासून त्यांनी मूठ बसवली, ती आजपर्यंत आहे. टप मी शिवला, ताडपत्रीचा, चार सुया मोडून. रंग निळा, कारण दरसाल जयंतीच्या मिरवणुकीत गावात पुढं हीच असते. तुझे काका साखर कारखान्यात फिटर होते. घरी बसल्यापासून दुपारचे ते या जीपखालीच. जेवायला बोलवायचं तर पायाला धरून हलवावं लागतं, कारण बाहेर तेवढंच असतं.

आता आक्काचं. तुझी आई ती, पण माझी आक्का आधी. दरसाल उन्हं तापली की ती आमच्या बारामतीजवळच्या कन्हेरीला यायची आणि आम्ही दोघी गच्चीवर कुरडया घालायचो. गव्हाचा चीक शिजला की नाही हे आक्काला नुसत्या वासावरनं कळतं. मला कळत नाही. दोन वर्षं तिचा गुडघा बसला आणि दोन वर्षं माझ्या कुरडया तेलात टाकल्या की फुलायच्या ऐवजी रुसून बसायच्या. तुझे काका एक तोंडात घालून म्हणाले, "ही जीपच्या वायसरला चालंल." मी हसले, पण त्या दिवशी डबा परत फळीवर ठेवला आणि नंतर उघडलाच नाही.

तू म्हणशील, गाडी करायची होती एखादी. कुठनं करू? तुमच्या घरापर्यंत रस्ता कुठं आहे? डांबर संपलं की पुढं धरणाच्या बॅकवॉटरच्या कडेपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांनी कापलेल्या दोन चाकोऱ्या, आणि मधे माती ही एवढी उंच. तुझी ती चकचकीत गाडी दिवाळीत तिथंच पोटावर बसली होती, आठवतं ना? ट्रॅक्टरनं ओढून काढली. तिथं जाणार जीपच. पण जीप उंच. तिच्यात आक्का चढणार कशी, हा घोळ.

मागच्या साली एकदा प्रयत्न झाला होता. मी स्टूल नेलं होतं. आक्कानं त्याच्यावर पाय दिला, स्टूल कललं, आणि तुझ्या दोघा चुलतभावांनी तिला वरचेवर धरून उचलून आत ठेवली. भली पोरं, पडू दिली नाही. पण कोणीतरी हसलं. आक्का तशीच उतरली आणि म्हणाली, "मी काय सरकीचं पोतं हाय का उचलायला? आता ह्या गाडीत माझ्या पायानं चढंन, न्हायतर चढायचीच न्हाय. आन सुटं काय ठिवू नका माझ्या पायाखाली. स्टूल न्हाय, दगड न्हाय, पाट न्हाय."

तुझी आई एकदा बोलली की बोलली. मला तेव्हा कळलं, की जीपला पायरी झाली नाही तर आक्का आता माझ्या घरी येत नाही. कधीच.

यंदा संक्रांत झाली तशी मी तुझ्या काकांच्या मागं लागले. पुढच्या सीटवर बसायचं तर गुडघा मुडपून वळावं लागतं, आक्काचा वळत नाही. मग मागून चढायचं ठरलं. मागं दोन्ही बाजूंनी बाकडी आहेतच. फाळका, म्हणजे मागचं झाकण, खाली पाडायचा आणि त्याच्याखाली पक्की पायरी लटकवायची. "पर किती उंच?" हे म्हणाले. "माप पायजे. अंदाजानं लोखंड कापत न्हाय मी."

माप आणायला मी मुद्दाम तुमच्याकडं गेले. आक्काला सांगायची सोय नाही, नाहीतर म्हणाली असती, माझ्यापायी कशाला खटाटोप. आता पुढचा ओटा तिला चढवत नाही, ती मागच्या दारानं आत जाते. तिथं एकच दगडी पायरी आहे, तेवढीच तिला झेपते. मी कंबरेची सुतळी काढली, पायरीला लावली आणि गाठ मारायला वाकले तेवढ्यात ही मागं हजर.

"खाली काय हुडकतीयास गं?"

"जोडवं पडलं."

"दोन्ही पायात हायती की."

मी खाली बघितलं. होतीच की. "सापडलं मग," म्हणाले आणि सुतळी पदरात खोचून आत गेले. दिवसभर ती माझ्याकडं संशयानं बघत होती.

पायरीला काय लावायचं, यावर आमचं दोन दिवस भांडण. हे म्हणत होते पत्रा. पत्र्यावरनं ओला पाय घसरतो, मी नाही म्हणाले. मग मी अडगळीतनं माझ्या शिवणाच्या मशीनचं जुनं लोखंडी पायडल काढलं. मशीनला मोटर बसवल्यापासून पडून होतं. नक्षीचं, भोकाभोकांचं, पाय अगदी घट्ट धरतं. यांनी हातात घेऊन वाजवून बघितलं. "बिडाचं हाय हे. वेल्डिंग धरायचं न्हाय."

"मग काय चिकटवायचं?"

"नटबोल्टनं आवळतो. तू फकस्त लांब ऱ्हा."

मी कुठली लांब राहते! खाली अँगल, वर बिजागरी, दोन्ही बाजूंनी साखळी, म्हणजे चालताना पायरी वर दुमडून घ्यायची, मातीला घासायला नको. धरायला जुन्या लोखंडी खाटेचा पाइप कापून उभा लावला. उन्हात तो पाइप तव्यासारखा तापतो, म्हणून मी जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांची वेणी घालून त्याला गुंडाळली. बाकड्यावर वाकळ दुमडून गादी केली. सगळं गोठ्याच्या कडेला, जीप वाढ्यानं गच्च भरलेली असताना. ऊसतोड चालू होती, रोजचे उसाचे शेंडे म्हशींना आणावेच लागतात, आणि म्हशींना आमची घाई काय कळणार. वर सरकी पेंडीची चार पोती. शेवटी मी सुतळी धरली आणि यांनी साखळीची कडी अडकवली. गाठ बरोबर पायडलच्या काठाला लागली.

"बघ," हे म्हणाले. "फिटरचं काम हाय. सुताभर फरक न्हाय."

मग वाढं उतरवलं, पोती उतरवली, जीप धुतली, पायरीला निळा रंग दिला. नंतर कोणी माप घेतलं? कोणी नाही. गाठ लागली होती ना!

दुसऱ्या दिवशी सकाळीच तुमच्या मागच्या अंगणात जीप उभी केली. मी पायरी खाली पाडली. आक्का काठी टेकत बाहेर आली. पदरानं ते पायडल पुसलं, भोकांतनं बोट फिरवलं.

"ही तुझ्या मशीनची न्हाय का?"

"व्हय."

"माझ्या लेकीचं पयलं झबलं हिच्यावरच शिवलं व्हतंस." तुझं म्हणतेय मी, ऐकतीयास ना?

मग तिनं काठी माझ्याकडं दिली. पाइप धरला. पाय उचलला. बोटं पायरीच्या काठाला खालून टेकली. तिनं पाय खाली ठेवला, श्वास घेतला, परत उचलला. परत तिथंच. तिसऱ्यांदा तिनं उचलला नाही. लुगडं सारखं केलं आणि म्हणाली, "बरी केलीया पायरी. च्या टाकते." आणि काठी घेऊन मागच्या दाराकडं वळली.

तुला सांगते, ती भांडली असती तर बरं झालं असतं.

हे सुतळी घेऊन खाली बसले. पायरी गाठीच्या वर चार बोटं. चांगली चार.

"सुताभर म्हणत व्हता न्हवं?" मी म्हणाले.

"सुतळी तुझी."

"साखळी तुमची."

"दगड सरकला आसंल तिच्या दारातला."

"दगड सरकतोय व्हय! तुमची अक्कल सरकली."

असं आमचं चाललेलं, तेवढ्यात तुझी चुलती आली, हाताला पीठ तसंच. तिला भांडणाशी काही घेणं नव्हतं. वाकळेची गादी मऊ आहे का बघायला ती फाळक्यावर टेकली आणि मागं सरकून बाकड्यावर बसली. चुलती तुझी अंगानं चांगली भरलेली आहे. जीप करकरली आणि मागनं खाली बसली.

हे पायरीकडं बघतच राहिले. मग ओरडले, "वैनी, उठू नका!"

"का? काय चावलं?"

"वाढं! अगं, वाढं व्हतं आत!" हे माझ्याकडं वळले. "चारा वाहायचा म्हणून मागच्या चाकांवरच्या पाट्याच्या स्प्रिंगात जादा पान मीच घातलंय. भरली की खाली बसती, मोकळी झाली की वर उठती. आपण भरल्या गाडीचं माप घेतलं!"

आयुष्यभर मशिनी उघडल्या ह्या माणसानं, आणि माप घेतलं ते म्हशींच्या वाढ्यासकट. पण ते भांडण मी मागं ठेवलं. सुतळी लावून बघितली. दोन बोटं उरली होती.

चुलतीला जागेवरनं हलायची बंदी, म्हणून तिनं बसल्या बसल्या कुंपणापलीकडं हाक मारली. शेजारची आली. "चढ आत," चुलती म्हणाली. "कशाला?" "चढ तर!" एक बोट राहिलं. मग त्या शेजारणीची सासू आली, पण ती काडीसारखी, जीपला पत्ताच लागला नाही. हे खालून म्हणाले, "अजून एक पायजे. जरा वजनदार."

"पाव्हणं, माणसं बघताय का पेंडीची पोती?" चुलतीनं विचारलं.

"पोती बरी, बोलत न्हाईत."

समोरच्या मळ्यातली भाजी खुडणारी बाई ओच्यात वांगी घेऊन आली, तिला ओच्यासकट आत घेतली. गाठ पायडलला टेकली.

तेवढ्यात आक्का चहाचं ताट घेऊन मागच्या दारात. चार बाया जीपमधे ओळीनं बसलेल्या, आणि तुझे काका मातीत उकिडवे, नाकाशी सुतळी.

"काय, वरात निघाली का कुणाची?"

"आक्का," मी म्हणाले, "ताट हिकडं दे आन पाय उचल."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग बायांकडं. एकही हसत नव्हती. हसलो तर जीप हलेल, असं चुलतीनं सगळ्यांना बजावलं होतं. आक्कानं पाइप धरला, पायडलवर पाय टेकवला. या खेपेला काठावर नाही, वरती, सबंध. एक दम घेतला आणि दुसरा पाय उचलून ती फाळक्यावर उभी राहिली. स्वतःच्या पायानं. कोणाचा हात नाही, बोट नाही.

वाकळेवर बसली आणि म्हणाली, "च्या सांडलास का?"

सांडला होता. निम्मा माझ्या पायावर, पण मला भाजल्याचं नंतर कळलं.

उरलेला चहा सगळ्यांनी जीपमधेच घेतला. मग चुलती उठायला लागली, भाकरीचं पीठ वाळतंय म्हणून. आक्का शांतपणे म्हणाली, "तुमी उतरला तर मी कन्हेरीला पोचल्यावर खाली उतरू कशी? तवा बी खालीच पायजे की ही."

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. मग काडीसारख्या सासूबाईच पहिल्यांदा म्हणाल्या, "चला की मग. मी बारामती बगून लई दिस झालं." तिचं वजन मोजण्यात नव्हतं, तिला खरं तर उतरता आलं असतं. पण कोणी तिला तसं सांगितलं नाही.

म्हणजे काय, मी पायरी दुमडली, चुलतीनं बसल्या जागेवरनं पिठाचा हात बाहेर झटकला, आणि निघालो. इंदापुरात सिग्नलला लोक वाकून बघत होते. रसवंतीशी थांबलो तर वांगेवाली घाबरून खाली उतरेचना, "मी उतरले तर आक्का उडंल का हो?" असं तिनं तुझ्या काकांना खरोखर विचारलं. यांनी तिला रस वरतीच नेऊन दिला. आमच्या दारात आल्यावर सगळ्याजणी श्वास धरून बसल्या, आक्का पायडलवर पाय देऊन खाली उतरली, मग एकेक बाई उतरली, आणि शेवटची उतरल्यावर जीप मागनं अशी वर उठली, जशी काही तिचीच सुटका झाली.

इतकी माणसं हाताशी म्हटल्यावर मी दुसऱ्या दिवशीचं सगळं त्याच दिवशी काढलं. गहू भिजून चीक तयार होताच. आक्का चुलीजवळ खुर्चीवर बसली, पातेल्यावर तोंड नेलं आणि म्हणाली, "आजून न्हाय." थोड्या वेळानं, "आजून न्हाय." मग, "उतरव." ऊन कलायच्या आत गच्ची पांढरी झाली. वांग्यांचं भरीत झालं. संध्याकाळी यांनी बायांना घरी सोडलं. आक्का आठ दिवस राहिली, आणि तिला परत नेताना आमच्याकडच्या बाया जीपमधे भरल्या. त्यातली पहिली कुरडई मी चौथ्या दिवशी तळली आणि ती कढईभर फुलली. तुझ्या काकांनी वायसरचं नाव काढलं नाही.

आता ते म्हणतात, "साखळी लांब करतो. एका दुपारचं काम हाय, रिकाम्या गाडीचं माप घेऊन." आक्कानं हात लावू दिला नाही. "ऱ्हाऊ द्या पाव्हणं हाय तशी. पायरी खाली आली तर ह्या बाया कशाला यायच्या माझ्यासंगं?"

म्हणून ती पायरी अजून चार बोटं उंचच आहे, आणि आम्ही आक्काला आणायला निघालो की माणसं गोळा करत जातो. वांगेवालीच्या मुलीचं लग्न ठरलंय, पुढच्या खेपेला ती यायची नाही, म्हणजे आमची एक बोटाची तूट येणार. म्हणून म्हणते, फोनवर भांडू नको, ये. तुझी गाडी डांबरावर लाव आणि चालत घरी जा. पण आधी आठ दिवस माझ्याकडं राहून दोन वेळा नीट जेव, कारण आत्ता आहेस तशी बसलीस तर जीपला पत्ता लागायचा नाही. उन्हाळा उतरायच्या आत ये. लवकर ये.