काउंट नॉर्मल होता

“काउंट उत्तम आहे, पण बऱ्याच शुक्राणूंत डीएनए दुप्पट आहे,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि माझी चार वर्षांची ऐट उतरली. शेजारी बसलेल्या सविताकडे बघायची हिंमत होईना.

तिचे तीन गर्भपात झाले होते. पहिल्याच वर्षी माझा काउंट, म्हणजे शुक्राणूंची संख्या, नॉर्मल आला. तो रिपोर्ट मी चक्क लॅमिनेट करून घेतला. माय आल्यागेल्याला दाखवायची. मग सगळ्या तपासण्या, सुया आणि उपास सविताच्याच वाट्याला आले.

मॅडमनी नीट समजावलं. शुक्राणूत अर्धाच डीएनए हवा. उरलेला अर्धा आईकडून येतो. डीएनएला धरणारा रंग घालून यंत्रात एकेका पेशीवर प्रकाश टाकतात. पेशी जास्त उजळली, तर डीएनए जास्त. अशा शुक्राणूपासून राहिलेला गर्भ सहसा टिकत नाही, आणि नुसती संख्या मोजून हे कळत नाही.

त्याआधी, या तपासणीसाठी वीर्याचा नमुना अंगाच्या उबेत, तासाभरात शहरातल्या लॅबमध्ये पोचवायचा होता. आमच्या करमाडहून मोटरसायकलवर निघालो. डबी माझ्या शर्टाच्या आतल्या खिशात, वरून मागं बसलेल्या सविताचा तळहात. शेंद्र्याच्या कारखान्यांपाशी ट्रकांमधून गाडी काढताना ती म्हणाली, “हळू चालवा, लेकरं हायेत खिशात.” किती तरी महिन्यांनी आम्ही दोघं हसलो. दवाखान्याचं बाकी सगळं विसरावंसं वाटतं, ती सकाळ मात्र परत हवी असते.

रिपोर्ट घेऊन घरी आलो, तेव्हा माय गहू निवडत होती. म्हणालो, “माय, खोट माझ्यात हाय, तिच्यात नाय.”

मायनं हातातला खडा परत गव्हात टाकला. “मंग इतकी वर्सं मी तिला बोलले, त्याचं काय?”

सविता आत जाऊन मोठ्यानं रडली. मी दाराशी बसून सगळं ऐकलं. ऐकायलाच हवं होतं.

पुढं वर्षभर उपचार केले. मूल झालं नाही. मॅडमचा मी कायम ऋणी आहे. तुमच्यावर अशी वेळ आली, तर पहिल्याच दिवशी दोघांची तपासणी करा, आणि नवऱ्यानं एका नॉर्मल रिपोर्टवर मिरवू नये.

मध्यंतरी एका लग्नात जेवताना एका मावशीनं सविताला विचारलंच, “काही विशेष?” मी म्हणालो, “दोष माझ्यात हाय, तिला कामून विचारता?” आसपासची माणसं ताटात बघू लागली. सविता मात्र निवांत जेवत होती. इतक्या वर्षांत ती लग्नात पोटभर जेवलेली मी पहिल्यांदाच पाहिली.