मंडईचा खड्डा

मोठेबाबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नागपुरात ऑफिसात बसून एका नव्या वसाहतीच्या नाल्यांचे नकाशे तपासत होते. चुलतभाऊ एवढंच म्हणाला, "बाबा गेले वो, सुषमाताई. सकाळी चहा मांगतला, अन् चहा येईपर्यंत..." चामोर्शीकडच्या आमच्या गावाच्या वाटेवर गाडीत मला रडूसुद्धा येईना. डोक्यात एकच घोळत होतं, की त्यांना एक गोष्ट सांगायची राहिली. कित्येक वर्षं मी ती पुढच्या खेपेला, पुढच्या खेपेला म्हणत ढकलत आले होते. घ्या आता, सांगा कोणाला सांगायचं ते!

मोठेबाबा, म्हणजे देवराव भाऊ, माझ्या बाबांचे थोरले भाऊ, धानाचे शेतकरी आणि आमच्या गावच्या नाटक मंडळाचे अध्यक्ष. आमच्याकडे दिवाळी झाली की मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते. लेकीबाळी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात आणि गावात नाटक होतं. ज्या गावात नाटक नाही त्या गावाची काय शोभा! नाटकासाठी शाळेमागची मोकळी जागा उतरती खणतात, म्हणजे मागच्यालाही स्टेज दिसतं, आणि पावसाआधी तो खड्डा बुजवून टाकतात. नाटक सुरू होण्याआधी पडद्यापुढे नारळ फोडायचा मान मोठेबाबांचा. नारळ एका दणक्यात फुटायचा, पण त्यानंतरचं भाषण काही संपायचं नाही. पडद्यामागून नट ओरडायचे, "भाऊ, आटपा आता!" तरी ते गावच्या सगळ्या जावयांची नावं घेतल्याशिवाय खाली उतरत नसत.

मी चंद्रपूरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना विद्यार्थ्यांसाठी एक स्पर्धा निघाली. पावसाचं वाहून जाणारं पाणी जागच्या जागी जिरवायचं, त्याचा आराखडा करा. बाकीच्यांनी शहरातले रस्ते आणि बगिचे घेतले. माझी जोडीदार रझिया ब्रह्मपुरीची, तिच्या अब्बांचा मंडप-डेकोरेशनचा धंदा, त्यामुळे मंडईची मैदानं तिला पाठ. ती म्हणाली, तुमच्या गावचा खड्डा दरवर्षी खणायचा नि दरवर्षी बुजवायचा हा काय उद्योग? तसाच ठेवा की. पावसाळाभर पाणी साठेल, मुरेल, शाळेच्या विहिरीला लागेल, आणि दिवाळीला कोरड्या खड्ड्यात नाटक. आम्ही हुरळूनच गेलो. थर्माकोलचं मॉडेल केलं आणि सुटीत आमच्या ओसरीवर भाषणाची तालीम केली. ऐकायला मोठेबाबा होते, मांडी घालून, कीर्तनाला बसल्यासारखे. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "पानी मुरन ना पन?" मी छातीठोकपणे सांगितलं, तीन दिवसांत. तो आकडा पुस्तकातल्या तक्त्यातला होता. आमच्या गावची माती आम्ही हातभर खणूनसुद्धा पाहिली नव्हती. नागपुरात आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं, फोटो निघाले, आणि मी नोकरीच्या मागे लागून ते सगळं विसरूनही गेले. स्पर्धा कागदापुरतीच होती ना!

मोठेबाबांसाठी ती कागदापुरती नव्हती. पुढच्या उन्हाळ्यात मंडळाची माणसं फावडी घेऊन खड्डा बुजवायला निघाली, तर यांनी अडवली. नागपूरच्या सायबांनी ज्याले बक्षीस देल्लं ते आपन काऊन बुजवाव, म्हणे. मला कोणी कळवलंही नाही. पावसाळ्यात खड्डा काठोकाठ भरला. गणपती गेले, दसरा गेला, पाणी तिथंच. दिवाळीच्या तोंडावर मोटार लावून उपसलं, तर खाली गुडघाभर चिखल. नाटक कंपनी ठरलेली, पाहुणे आलेले... शेवटी नाटक शेजारच्या गावात न्यावं लागलं, आणि आमचं अख्खं गाव दुसऱ्याच्या मंडईला पाहुण्यासारखं चालत गेलं. पुढच्या वर्षी मंडळानं दुसरा अध्यक्ष केला. नारळाचा मान गेला तो गेलाच.

मी गावी गेले तेव्हा मोठेबाबा हसून म्हणाले, नकाशा तुमचा बरोबरच होता, मीच उलटा वाचला, खड्डा उगाच खोल ठेवला. मी लगेच विश्वास ठेवला. ठेवणं सोयीचंही होतं. गावात त्यांना 'इंजिनेर' म्हणायला लागले. पानठेल्यावर कोणी "या इंजिनेर, बसा" म्हटलं की सगळे हसत, मोठेबाबा हसत आणि मीही हसत असे. पुढे नोकरीत तसल्याच मातीवर काम पडलं, पाणी आठवडेच्या आठवडे हलेना, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. अहो, धानाची जमीन ती! पिढ्यान्‌पिढ्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, चिखल तुडवून आपणच तिला पाणी धरून ठेवायला लावलेलं. चूक माझ्या आकड्याची होती. त्या दिवाळीला मी सांगायचं ठरवूनच गेले. पण नाटकाला ते सगळ्यात मागे पोराटोरांत सतरंजीवर बसलेले दिसले, आणि मी न सांगताच नागपूरला परतले.

तेरवीचं जेवण झाल्यावर मंडळाची माणसं ओसरीवर बसली होती. म्हटलं, निदान यांना तरी सांगावं. मी सांगितलं, की खड्ड्याची चूक आमच्या कागदाची होती, मोठेबाबांनी तो बरोबरच वाचला होता. पेटी वाजवणारे गणपत भाऊ सुपारी कातरता कातरता म्हणाले, "आमाले तवाच माहीत व्हतं, बाई. धान लावनाऱ्याले का सांगा लागते, बांधीत पानी मुरते का नाई ते? पन भाऊनं हात जोडून सांगतलं, पोरीले कोनी काई म्हनाचं नाई. चूक माही हाये म्हना."

म्हणजे अख्ख्या गावानं ते माझ्यासाठी इतकी वर्षं पोटात ठेवलं. इंजिनेर, इंजिनेर म्हणत त्यांना हसले आणि मला अक्षरानं कळू दिलं नाही. आणि मी त्यांच्यात मिसळून हसले! अजूनही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो, माझाच मला राग येतो.

आत मोठीआई, मोठेबाबांची बायको, एकटी बसली होती. तिला विचारलं, त्यांना जर माहीत होतं पाणी मुरत नाही, तर बुजवू का दिला नाही?

"मीबी तेच म्हनलं व्हतं," ती म्हणाली. "तं म्हने, आपल्याले पानी अडवाचंच माहीत. पोरगी शिकून राह्यली. आपल्याले नाई माहीत असं काई तिले माहीत असन."

दुसऱ्या दिवशी ती मला शाळेमागे घेऊन गेली. पावसाआधी सगळा खड्डा बुजवला होता, फक्त भिंतीकडचा खाटेएवढा कोपरा मोठेबाबांनी नव्या मंडळाला बुजवू दिला नव्हता. सुषमा दुसरा कागद लिवन, तवा जागा पायजे, असं म्हणायचे म्हणे. मला कधी विचारलं मात्र नाही. पाऊस थांबला की रोज इथं यायचे, मुरलं का पाहायचे आणि पाण्यातली पानं काढून टाकायचे, कुजली तर पाणी मुरायचं नाही म्हणून. मी पाहिलं तेव्हा पाणी होतंच, आणि ते गेल्यापासून पडलेली सागाची पानं त्यात तशीच होती. मी वाकून ती काढायला लागले.